नेव्हर लेट मी गो : आईच्या ऑपरेशननंतर परत वाचलेली कादंबरी

आधीच सांगते, ह्यात सगळी गोष्ट येणारे, अगदी शेवटासकट. ज्यांना कोरं मन ठेवून वाचायचंय त्यांनी आधी पुस्तक वाचा आणि मग इकडे या. पण मला विचाराल तर ह्या कादंबरीत लपवून ठेवलेलं असं फार काही नाहीचे, लेखकाने पहिल्या पानापासून सगळं समोर मांडून ठेवलंय, आपल्यालाच ते दिसायला वेळ लागतो.

काझुओ इशिगुरोची ही कादंबरी २००५ सालची. इशिगुरो जन्माने नागासाकीचा, १९५४ चा, पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला, लिहितो इंग्रजीतच. २०१७ ला नोबेल मिळालं त्याला. हे पुस्तक बुकर पारितोषिकाच्या शेवटच्या यादीपर्यंत गेलं होतं पण मिळालं नाही, बुकर त्याला आधीच १९८९ ला दुसऱ्या एका कादंबरीसाठी मिळालं होतं. मी हे पुस्तक दुकानात सायन्स फिक्शनच्या कप्प्यात पण बघितलंय आणि साहित्याच्या कप्प्यात पण. वाचायला घेतलं की मात्र सायन्स कुठे दिसतच नाही, लॅब नाही, मशीन नाही, डॉक्टर सुद्धा जवळपास नाहीत. एक बाई गाडी चालवत असते आणि तिला शाळा आठवत असते, बस.

पहिल्यांदा वाचलं ते एमकॉमला असताना, २०११ च्या सुमारास. आदल्या वर्षी त्याच्यावर पिक्चर येऊन गेला होता म्हणून होस्टेलवरच्या एका मैत्रिणीने आणलं होतं. खरं सांगायचं तर निम्म्यावर ठेवून दिलं होतं तेव्हा. कंटाळा आला. कोण कुणाशी बोलत नाही, पेन्सिलबॉक्स कुणी कुणाला दिला, कॅसेट कुठे हरवली, असलंच सगळं पानंच्या पानं. मग सुट्टीत परत घेऊन संपवलं आणि संपल्यावर डोक्यात एकच राग होता की ही पोरं पळून का जात नाहीत? कुंपण नाही, पहारा नाही, गोष्ट सांगणाऱ्या त्या बाईकडे स्वतःची गाडी आहे, सगळ्या इंग्लंडभर एकटी फिरते, मग बस ना गाडीत आणि निघून जा कुठेतरी. हा प्रश्न हे पुस्तक वाचणारे खूप जण विचारतात, मी पण विचारला आणि पुस्तक परत देऊन टाकलं.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅथी एच. नावाची एकतीस वर्षांची बाई आहे, अकरा वर्षांहून जास्त काळ ती केअरर, म्हणजे काळजी घेणारी, आहे. ती आणि तिच्याबरोबरची रूथ, टॉमी ही सगळी हेल्शम नावाच्या एका निवासी शाळेत वाढली. शाळा छान आहे, तळं आहे, मैदान आहे, चित्रं काढायला लावतात, कविता करायला लावतात, प्रकृतीला फार जपतात. फक्त कुणालाच आईबाप नाहीत आणि आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर आहे. ही मुलं क्लोन आहेत. मोठी झाली की त्यांचे अवयव एकेक करून काढून घेतले जाणार, बाहेरच्या लोकांसाठी. आधी काही वर्षं ती दुसऱ्या डोनर्सची केअरर होणार, मग स्वतः डोनर. पहिलं डोनेशन, दुसरं, तिसरं, फार तर चौथं. मेली असं कुणी म्हणत नाही, कम्प्लिट झाली म्हणतात. पुस्तक सुरू व्हायच्या आधी एका पानावर लिहिलंय की हे १९९० च्या दशकाच्या शेवटाचं इंग्लंड आहे, म्हणजे भविष्य नाहीच, आपण शाळाकॉलेजात होतो तोच काळ. डॉली, ती क्लोन केलेली मेंढी, स्कॉटलंडमध्ये जन्मली १९९६ ला, हे आठवलं की अंगावर येतं, कारण इशिगुरोच्या जगात ते सगळं तोपर्यंत होऊन, रुळून, जुनं सुद्धा झालेलं आहे.

आता मी हे दुसऱ्यांदा का वाचलं ते सांगते, कारण त्याशिवाय माझ्या मताला काही अर्थ नाही.

२०१९ ला माझ्या दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी होतं, कुणाला कळलंच नाही, पाय सुजायला लागले म्हणून दाखवलं तर रक्तातलं क्रिएटिनिन अकरा, म्हणजे किडन्या जवळपास बंदच. मग डायलिसिससाठी हाताच्या शिरा जोडून केलेला फिस्टुला, आठवड्यातनं तीन वेळा डायलिसिस, चार चार तास, पाणी मोजून प्यायचं, उन्हाळ्यात सुद्धा दिवसाला तीन ग्लास. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोलिसांचा पास गाडीच्या काचेवर चिकटवून मी त्याला घेऊन जायचे, रस्त्यावर फक्त आम्ही आणि ॲम्ब्युलन्स. त्याचा ब्लड ग्रुप ओ, माझा बी, म्हणजे मी बाद. वहिनींचा ए, त्या पण बाद. आईचा ओ होता पण दादा आईचं नावच काढू देत नव्हता. म्हणून झेडटीसीसी नावाचं अवयवांचं वाटप बघणारं जे केंद्र असतं त्याच्या वेटिंग लिस्टवर नाव घातलं, म्हणजे ब्रेन डेड माणसाच्या घरच्यांनी अवयवदान केलं तर मिळणारी किडनी. ओ ग्रुपला वाट जास्त बघावी लागते कारण ओ ला फक्त ओ ची चालते आणि ओ ची मात्र सगळ्यांना चालते.

त्या वेटिंगच्या काळाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. सकाळी पेपरात पुणे सातारा रोडवर अपघात, तरुण गंभीर, अशी बातमी आली की माझ्या मनात पहिला विचार ब्लड ग्रुपचा यायचा. त्या मुलाचा नाही, त्याच्या आईचा नाही. पावसाळा सुरू झाला की रस्ते निसरडे होतात हे मला दोन वर्षं आशेसारखं वाटायचं. हे लिहिताना हात थांबतोय पण खरं आहे ते. एकदा रात्री पावणेदोनला फोन आला, या लगेच, तुमचा नंबर दुसरा आहे, पहिल्याचं क्रॉसमॅच जुळलं नाही तर तुम्हाला. उपाशीपोटी दादाला घेऊन गेलो, पहाटेपर्यंत बसलो, पहिल्याचं जुळलं, आम्ही परत आलो. येताना गाडीत कुणीच काही बोललं नाही आणि ज्या माणसाची ती किडनी होती त्याचं तर नावही कुणाच्या मनात आलं नाही.

शेवटी २०२२ ला आईनेच दिली. आता आई पण बरी आहे, दादा पण कामावर जातो. त्यानंतर वर्षभराने माझ्या एका ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या टेबलावर हे पुस्तक दिसलं आणि मी मागून घेतलं.

तर ह्या वेळी वाचताना मी कॅथीच्या बाजूला नव्हतेच. शेवटाकडे एक प्रसंग आहे. कॅथी आणि टॉमी, दोघांचं आता कुठे जमलेलं, टॉमीची तीन डोनेशन्स झालेली, अशी अफवा असते की दोघांचं खरं प्रेम आहे हे सिद्ध केलं तर तीनचार वर्षांची सवलत मिळते, म्हणून दोघं लिटलहॅम्प्टन नावाच्या समुद्राकाठच्या गावात त्यांच्या जुन्या शाळेच्या मुख्य बाई मिस एमिलीला आणि मुलांची चित्रं निवडून घेऊन जाणाऱ्या मादामला शोधून काढतात. आणि तिथे व्हीलचेअरवर बसलेली मिस एमिली त्यांना सांगते की सवलत वगैरे काही नव्हतीच कधी. चित्रं काढायला लावत होतो ती तुम्हाला आत्मा असतो हे जगाला दाखवायला. आणि मग ती लोकांबद्दल सांगते, की लोकांना तुमचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण त्यांना सगळ्यात मोठी काळजी ही होती की आपली मुलं, आपला नवरा, बायको, आईबाप, मित्र कॅन्सरने किंवा हार्टच्या आजाराने मरू नयेत, आणि एकदा ते आजार बरे होतात हे कळल्यावर परत मागे जा म्हणून कुणाला सांगणार? म्हणून मग त्यांनी तुमच्याबद्दल विचार करायचं सोडून दिलं, आणि विचार करावाच लागला तर तुम्ही आपल्यासारखे नाही आहात अशी स्वतःची समजूत काढली.

मी ते पान वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. कारण ते लोक म्हणजे मी होते. पूर्ण पुस्तकात ते लोक एकदाही समोर येत नाहीत, ज्यांना ती किडनी मिळते, ज्यांचा दादा घरी येतो, ज्यांच्या घरी पेढे वाटतात, त्यांचं एकही नाव, एकही चेहरा इशिगुरो देत नाही. पहिल्यांदा वाचताना मला ती उणीव वाटली होती, हे जग नीट दाखवलंच नाही, सरकार कुठे, हॉस्पिटलं कुठे, कुणी निषेध का करत नाही. आता वाटतं की ती जागा त्याने मुद्दाम रिकामी ठेवलीय, वाचणाऱ्याने येऊन बसावं म्हणून. समजा २०२० ला मला कुणी येऊन सांगितलं असतं की एक ठिकाण आहे, तिथे अशी मुलं आहेत, त्यांना आईबाप नाहीत, ओ ग्रुपची किडनी उद्या मिळेल, तर मी किती प्रश्न विचारले असते? मला उत्तर माहिती आहे आणि ते मला आवडत नाही.

आपल्याकडे कायदा झाला १९९४ ला, मानवी अवयव प्रत्यारोपणाचा, किडनी विकणं आणि विकत घेणं गुन्हा ठरला आणि ब्रेन डेथला कायद्याने मान्यता मिळाली. त्याच कायद्यामुळे आम्हाला कमिटीसमोर जावं लागलं होतं. व्हिडिओ शूटिंग चालू होतं, आईला एकटीला आत घेतलं, दादाला आणि मला बाहेर बसवलं. आईने बाहेर आल्यावर सांगितलं की त्यांनी तीनतीनदा तेच विचारलं, मावशी तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलीय का, कुणी पैसे देतंय का, ऑपरेशनमध्ये काय धोका असतो ते तुम्हाला कळलंय का, अजूनही नाही म्हणायचं असेल तर म्हणू शकता. आईला त्याचा राग आला होता, माझ्या पोराला देताना मला काय विचारायचं, म्हणाली. मला पण तेव्हा ती नसती कटकट वाटली होती, कागद गोळा करून करून जीव गेला होता.

आणि हे पुस्तक वाचताना लक्षात आलं की एवढ्या सगळ्या पानांमध्ये, तेवीस प्रकरणांमध्ये, कॅथीला, रूथला, टॉमीला हा एक प्रश्न कुणी एकदाही विचारत नाही. तुझी मर्जी आहे का. आणि शब्द मात्र डोनेशन. सगळे तोच वापरतात, ती मुलं स्वतः सुद्धा. नोटीस येते, डोनेशन होतं, परत नोटीस येते. इशिगुरोने एक पण कठोर शब्द वापरलेला नाही, सगळे शब्द हॉस्पिटलच्या चादरीसारखे स्वच्छ धुतलेले, केअरर, डोनर, कम्प्लिट, रिकव्हरी सेंटर. मी मनातल्या मनात मराठी करत वाचत होते तर डोनेशनला दान आलं आणि तिथेच अडकले. आपल्याकडे दान म्हटलं की देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली, अन्नदान, रक्तदान, देहदान, सगळीकडे देणारा स्वतःच्या इच्छेने देतो आणि त्याला पुण्य लागतं. मग आठवलं की आपल्याकडे कन्यादान पण आहे. तिथे जिला देतात तिला कुठे कुणी विचारत होतं. म्हणजे हा शब्द आपल्या भाषेत पण तसा निर्मळ नाहीच, आणि हे मला ह्या इंग्रजी पुस्तकाने दाखवलं.

म्हणून ती पळून का जात नाहीत ह्याचं उत्तर पण मला आता मिळालंय असं वाटतं, निदान माझ्यापुरतं. शाळेत मिस लूसी नावाची एक बाई आहे, पावसाचं सगळे पॅव्हिलियनच्या वऱ्हांड्यात थांबलेले असतात आणि दोन मुलं मोठेपणी सिनेमात नट झालो तर कसं असेल असं बोलत असतात, तेव्हा तिला ते ऐकवत नाही. ती म्हणते तुम्हाला सांगितलंय पण आणि सांगितलेलं नाही पण. तुमच्यातलं कुणी सिनेमात जाणार नाही, अमेरिकेला जाणार नाही, सुपरमार्केटात नोकरी सुद्धा करणार नाही, तुमची आयुष्यं ठरलेली आहेत. आणि मुलांची प्रतिक्रिया काय, तर हो मग, ते तर आम्हाला माहितीच होतं. कधी कळलं ते कुणालाच आठवत नाही. टॉमीला तर वाटतं, आणि कॅथीलाही ते थोडंफार पटतं, की कदाचित दरवेळी आमच्या वयाला झेपेल त्यापेक्षा थोडंसं आधीच सांगत गेले असतील, म्हणजे कानावर पडायचं पण पूर्ण समजायचं नाही, आणि समजायच्या वयात येईपर्यंत ते जुनं झालेलं असायचं.

हे वाचून मला आमच्या वॉर्डातल्या बायका आठवल्या. किडनी देणाऱ्या आमच्या बरोबरच्या खाटांवर कोण होतं? आई, आई, बायको, बहीण, आई. एकच वडील होते. त्या सगळ्यांना कमिटीने विचारलंच असेल, सगळ्यांनी हसत होच म्हणलं असेल, आणि खरोखर मनापासून म्हणलं असेल, माझ्या आईवर कुणी जबरदस्ती केली नाही हे मी शपथेवर सांगते. पण नाही म्हणता येतं हे त्यांना लहानपणापासून कुणी सांगितलं होतं का? माझी आई आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर जेवली. दारं सगळी उघडी होती की, गावाला भाऊ होता, हातात शिवणकाम होतं. ती कुठे गेली का कधी? तिला आपण पळून का गेली नाहीस असं विचारतो का? मी हे म्हणतेय म्हणजे आईचं आणि क्लोनचं एकच आहे असं नाही, आई माणूस आहे, तिचा दादावर जीव आहे, तिच्या देण्याला प्रेम म्हणतात. पण वाढवताना जे हळूहळू मनात मुरवलं जातं ते किती पक्कं असतं, कुंपणाची गरज का लागत नाही, ते मला एवढं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने दाखवलं नाही.

बरं, पुस्तक नुसतं ह्याच विषयाचं आहे असं पण नाही हां. जी मुलामुलींची भांडणं मला आधी कंटाळवाणी वाटली होती तीच ह्या वेळी सगळ्यात जास्त आवडली. रूथ तर काय लिहिलीय. खोटारडी, वरचढ, मैत्रिणीला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणारी, आणि तरीही तिचं वाईट वाटतं. शाळा संपल्यावर ती सगळी कॉटेजेस नावाच्या जुन्या शेतघरात राहायला जातात, तिथे मोठी जोडपी असतात, ती टीव्हीतल्या नटांसारखं निरोप घेताना कोपराला हलकी टपली मारतात आणि रूथ लगेच ते उचलते, टॉमीला तसं करायला लागते. त्यांना कुटुंब कसं असतं, नवराबायको कसे बोलतात हे बघायला टीव्हीशिवाय दुसरं काहीच नाही हे लेखक एका वाक्यानेही समजावत नाही, नुसती ती टपली दाखवतो. मग रूथला एका मासिकातली जाहिरात सापडते, चकाचक ऑफिस, हसरी माणसं, आणि तिला तसं ऑफिस पाहिजे असतं. एवढंच तिचं स्वप्न, टेबल, खुर्ची, बाजूला बोलायला कलीग. मी रोज ज्या ऑफिसात जायला नको म्हणते ते. तिच्यासारखी दिसणारी बाई, म्हणजे जिच्यावरून हिची नक्कल काढली असेल ती, नॉरफोक परगण्यातल्या क्रोमरला एका ऑफिसात दिसली म्हणून सगळे तिकडे जातात, पाठलाग करत एका चित्रांच्या दुकानात शिरतात, आणि जवळून बघितल्यावर कळतं की नाही, ही ती नाहीच. त्यानंतर रूथ जे बोलते, की आपल्याला कचऱ्यातनं बनवलंय, व्यसनी, वेश्या, भिकारी, कैदी यांच्यातनं, ते वाचवत नाही.

नॉरफोकचं पण काय सुंदर केलंय. शाळेत भूगोलाच्या तासाला मिस एमिली प्रत्येक परगण्याचं कॅलेंडरवरचं चित्र दाखवायची, नॉरफोकचं चित्र नसतं, ती म्हणते तो इंग्लंडचा हरवलेला कोपरा. आणि शाळेत हरवलेल्या वस्तू ठेवायच्या जागेलाही तसंच म्हणत असतात, म्हणून मुलं ठरवून टाकतात की देशात जे जे हरवतं ते सगळं नॉरफोकला जाऊन जमा होतं. कॅथीची गाण्याची कॅसेट हरवलेली असते, आणि पुढे टॉमीबरोबर शोधताना नॉरफोकमध्येच एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला तशीच कॅसेट सापडते. ती लहान असताना ती कॅसेट लावून, उशीला बाळ समजून छातीशी धरून एकटीच हळूहळू नाचत असते आणि दारात मादाम उभी राहून रडत असते, हा प्रसंग तर मी तीनदा वाचला. ह्या मुलांना बाळं होऊ शकत नाहीत. हीच मादाम, जिच्याभोवती मुली मुद्दाम घोळका करतात तेव्हा ती कोळी अंगावर येईल म्हणून शहारल्यासारखी आकसते, आणि आठ वर्षांच्या त्या मुलींना पहिल्यांदा कळतं की बाहेरच्या लोकांना आपली शिसारी येते.

काय नाही आवडलं ते पण सांगते. मिस एमिलीचं ते शेवटचं बोलणं फार लांबतं, तोपर्यंत लेखकाने सगळं न सांगता सांगितलेलं असतं आणि इथे एकदम बाई बसून इतिहास सांगायला लागते, मॉर्निंगडेल नावाचा कुणी शास्त्रज्ञ, त्याचं प्रकरण, देणग्या कशा आटल्या, ते मला थोडं वर्गात बसल्यासारखं झालं. मधला कॉटेजेसचा भाग पण वीसेक पानांनी कमी चालला असता. आणि कॅथीची एक सवय आहे, मी हे सांगते पण त्याआधी ते सांगायला पाहिजे, असं करत करत ती प्रत्येक गोष्टीला वळसा घालते. पहिल्यांदा त्यानेच मी वैतागले होते. आता मला तो वळसा कळतो, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेली माणसं अशीच बोलतात, रिपोर्टचं सोडून बाकी सगळं. पण ज्यांना गोष्ट भराभर पुढे सरकायला पाहिजे त्यांना हे जड जाईल हे नक्की.

इंग्रजी मात्र अगदी सोपं आहे, एखाद्या शब्दासाठी अडायला होत नाही, तीनशेच्या आत पानं आहेत, रोज थोडं वाचलं तरी आठवड्यात होतं. ज्यांच्या घरात आत्ता कुणी हॉस्पिटलमध्ये आहे किंवा वेटिंग लिस्टवर आहे त्यांनी मात्र एवढ्यात वाचू नका असं मी कळकळीने सांगेन. थांबा थोडं. आणि हे वाचून कुणी अवयवदानाच्या विरोधात जाऊ नये, पुस्तक त्याच्या विरोधात नाहीचे. उलट मला तर ब्रेन डेड माणसाच्या घरच्यांनी हो म्हणणं म्हणजे काय असतं ते आत्ता कळलं, कारण त्यांना कुणीतरी विचारलेलं असतं, त्यांनी त्या अवस्थेत विचार करून हो म्हणलेलं असतं. त्या रात्री पावणेदोनला ज्यांनी हो म्हणलं त्यांचे आभार आम्ही मानायला पाहिजे होते, किडनी आम्हाला मिळाली नाही तरी. मी फॉर्म भरलाय माझा.

दादाला मी हे पुस्तक दिलेलं नाही. त्याने विचारलं काय वाचतेस, मी सांगितलं एका शाळेची गोष्ट आहे. आईला मात्र सांगून बसले. ती हॉलमध्ये पाय पसरून बसली होती, ऑपरेशनच्या बाजूला अजून कधीकधी ओढ लागते तिला, आणि मी तिला सगळी गोष्ट सांगितली, क्लोन म्हणजे काय ते पण सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल असलं कसलं वाचतेस. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या पोरांना दवाखान्यात डबा कोण न्यायचं? मी म्हणलं आई, तेच तर कॅथीचं काम, ती केअरर आहे, ती त्यांच्याजवळ बसते, बोलते, गाडीतनं फिरवून आणते. पहिल्याच प्रकरणात तिच्याकडे एक डोनर असतो, डॉर्सेटचा, तिसरं डोनेशन झालेला, तो तर तिला सारखं हेल्शमबद्दलच सांगायला लावतो, तुमचं मैदान कसं होतं, तळं कसं होतं, कारण त्याला स्वतःचं लहानपण आठवायचं नसतं, तिचं ऐकून ऐकून ते आपलंच होतं असं वाटायला पाहिजे असतं. आई म्हणाली, आणि तिचा नंबर येईल तेव्हा? तिच्याजवळ कोण बसायचं? मी सांगितलं की पुस्तक त्याच्या आधीच संपतं, टॉमी गेल्यावर ती एकदा नॉरफोकला जाते, शेताच्या कडेला गाडी लावते, तारेच्या कुंपणाला वाऱ्याने येऊन कचरा अडकलेला असतो, तिथे थोडा वेळ उभी राहते आणि मग गाडीत बसून निघून जाते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मला मराठीत सांग हे सगळं, पहिल्यापासून, रोज थोडं थोडं, आणि काही गाळू नकोस. म्हणून रात्री जेवणं झाली की मी वाचते आणि तिला मराठीत सांगते. दादा आत टीव्ही बघत असतो. सध्या आम्ही कॅसेट हरवते तिथपर्यंत आलोय.